फळ्यावरचं खोटं

आमच्या शाळेत प्रत्येक फळ्याच्या वरच्या बाजूला एक पट्टी आखलेली असते. तिच्या एका टोकाला वार, तारीख, पट आणि हजर, आणि मधोमध सुविचार. सुविचार रोज बदलायचा असा नियम आहे. पण त्या वर्षी 'नेहमी खरे बोलावे' हा सुविचार नववी 'ब'च्या फळ्यावर जूनमध्ये चढला तो ऑगस्टपर्यंत उतरलाच नाही. पन्नास पोरांपैकी एकानेही काही विचारलं नाही, आणि मी वर्गशिक्षिका असून माझंही तिकडे लक्ष नव्हतं. एके दिवशी ध्यानात आलं तेव्हा मी डस्टर घेऊन तो पुसला आणि त्याच जागी लिहिलं, 'सगळ्या मूळ संख्या विषम असतात.'

हे धादांत खोटं आहे. दोन ही मूळ संख्या आहे, म्हणजे तिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही, आणि दोन सम आहे. वर्गाला मी एवढंच सांगितलं, "आजपासून इथे रोज एक खोटं वाक्य असेल. ते खोटं आहे हे दाखवून द्या. भाषण नको. एक उदाहरण पुरे."

हे खूळ माझ्या डोक्यात कसं शिरलं ते सांगते. मी राहते शहरात, उस्मानपुऱ्यात, आणि हर्सूलच्या पुढच्या एका शाळेत जन्मभर गणित शिकवून याच वर्षी निवृत्त झाले. गणिताच्या शिक्षकांना अधूनमधून प्रशिक्षणाला बोलावतात. नाव काहीही असलं तरी विषय ठरलेला, मुलांना गणिताची गोडी कशी लावावी. चहा मिळतो, एक प्लास्टिकची फाईल मिळते, आणि कुणीतरी घोटीव कागदाचे त्रिकोण कापून दाखवतं. मीही हौसेने ते सगळं केलं. गुलमंडीच्या बाजारातून कागद, रंगीत खडू, डिंकाच्या बाटल्या आणल्या. पोरांनी त्रिकोण कापले, चिकटवले, एकमेकांच्या शर्टालाही चिकटवले, आणि पुढच्या चाचणीत जसे होते तसेच गुण पाडले. गोडी डिंकाला लागली होती, गणिताला नाही.

मग मी पोरांकडे नुसतं बघत राहायला लागले. हा माझा जुना स्वभाव, आईच्या भाषेत भोचकपणा. माझ्या लक्षात आलं की फळ्यावर जे काही येतं ते बरोबरच असणार, हे पोरांनी धरूनच ठेवलेलं असतं. मग त्यांना काम उरतं ते फक्त उतरवून घेण्याचं. मात्र माझ्या हातून एखादी बेरीज चुकली की मागच्या बाकापर्यंत सगळे ताठ होतात. "मॅडम, चुकलं, चुकलं!" त्या एका क्षणी पन्नासच्या पन्नास डोकी गणित करत असतात. तर म्हटलं, रोजच चुकू या.

पहिल्या आठवड्यात कुणी फिरकलं नाही. दुसऱ्या आठवड्यात मागच्या बाकावरचा अस्लम वर्गात शिरतानाच विचारायला लागला, "मॅडम, आज का झूट क्या है?" तेव्हा मी ओळखलं की गाडी सुरू झाली.

आमची शाळा सकाळची, सात वीसला भरते. खोटं वाक्य मी आदल्या दिवशी शाळा सुटताना लिहायचे, म्हणजे पोरांनी ते डोक्यात घेऊन घरी जावं. एकदा लिहिलं, 'संख्येचा वर्ग केला की ती मोठी होते.' दुसऱ्या दिवशी वर्गात आले तर वाक्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'अर्धा. अर्ध्याचं अर्धं पाव.' बरोबर होतं. अर्ध्याला अर्ध्याने गुणलं की पाव येतो, आणि पाव अर्ध्यापेक्षा लहान. मी विचारलं, "कुणी लिहिलं?" कुणी हात वर करेना. अस्लमने मात्र ताबडतोब केला आणि पकडला गेला, कारण पाव कसा आला ते त्याला सांगता येईना.

शाळेत सगळ्यांत आधी येतात ते आमचे शिपाई, रशीद मामू. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "मेरेकु क्या मालूम मॅडम? मैं घंटी का आदमी." आणि झाडू घेऊन निघून गेले. मामूंना शाळेतल्या प्रत्येक पोराच्या चपलांचा आवाजसुद्धा ओळखू येतो, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मध्येच एकदा तपासणी आली. साहेब वर्गात शिरले तेव्हा फळ्यावर होतं, 'परिमिती वाढली की क्षेत्रफळ वाढतं.' परिमिती म्हणजे जागेच्या कडेकडेने चालत गेलं तर पडणारं अंतर, आणि क्षेत्रफळ म्हणजे आत मावणारी जागा. साहेबांनी चष्मा वर करून वाक्य वाचलं, डायरी काढली आणि ते उतरवून घेतलं. "वा! सुविचाराच्या जागी रोज एक सूत्र. हे इतर शाळांनाही सांगायला हवं," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. पोरांचे चेहरे हसू दाबून लाल झाले होते. मी कुणाकडेही न बघता "थँक यू सर" म्हटलं. साहेब व्हरांड्यातून दिसेनासे झाले आणि वर्ग हसत सुटला.

दुसऱ्या दिवशी त्या वाक्याखाली दोन आकृत्या होत्या. एक चौरस, सहा बाय सहा. एक लांबुडका आयत, वीस बाय एक. चौरसाची परिमिती चोवीस, क्षेत्रफळ छत्तीस. आयताची परिमिती बेचाळीस, क्षेत्रफळ वीसच. आकृत्यांच्या आत खडूचे बारीक बारीक ठिपके होते. मला वाटलं, शोभेला काढलेत.

पण मी खरी हादरले ती दिवाळीनंतर. तेव्हा एक जुनं, नावाजलेलं खोटं लिहिलं होतं. एखादी संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्यात ती संख्या मिळवा, वर एक्केचाळीस मिळवा. 'येणारं उत्तर नेहमी मूळ संख्याच असतं.' यातली गंमत अशी की एक घ्या, दोन घ्या, दहा घ्या, वीस घ्या, उत्तर मूळच येतं. वर्ग तीन दिवस खपला. वह्या भरल्या. चौथ्या दिवशी पोरं म्हणाली, "मॅडम, हे खरंच आहे, तुम्हीच फसलात." आणि पाचव्या दिवशी सकाळी फळ्यावर एक ओळ होती, 'एक्केचाळीसच घाला. मग तिन्हींत एक्केचाळीस आहे.'

मी खुर्चीवर बसले. हे करून करून सापडलेलं उत्तर नव्हतं. एक्केचाळीस घातला की तिन्ही तुकड्यांना एक्केचाळीसने भाग जातो, मग बेरजेलाही जाणारच. आकडेमोड न करता, नुसतं बघून कुणीतरी हे ओळखलं होतं. माझ्या वर्गात असं डोकं बसत होतं आणि ते कुणाच्या मानेवर आहे हे मला माहीत नव्हतं. हुशार पोरांची एक यादी शिक्षकाच्या मनात असते. मी ती वरपासून खालपर्यंत तपासली. पहिली ईश्वरी, एका वकिलांची मुलगी. तिला विचारलं. ती म्हणाली, "मी तर पंचविसापर्यंतच केलं होतं, मॅडम."

त्या यादीत कोमलचं नाव कुठेच नव्हतं. ती माझ्या दुसऱ्याच यादीत होती, काळजीच्या. धनगराची पोर, हर्सूलच्या पलीकडच्या वस्तीवरून यायची. आठवीच्या मध्यापासून ती गणिताच्या पेपरात फक्त नाव आणि हजेरी क्रमांक लिहायची. बाकी कोरा. मराठीत बरी, इतिहासात बरी, गणितात कोरी. आठवीपर्यंत ते खपून गेलं. नववीत खपत नाही. पालकसभेला तिचे वडील आले होते. पांढरं मुंडासं, हातात काठी, बाकावर बसायला तयार होईनात. ते म्हणाले, "मॅडम, आमच्यात पोरीला एवढं कोण शिकवितंय? हिला आवड हाय म्हणून लावली. नववी निघाली तर धाव्वीला बसवू. नाय निघाली तर मामाकडं धाडतो, मेंढरामागं माणूस लागतंयच."

मी म्हणाले, "बाकी ठीक आहे, पण गणितात फारच कच्ची आहे हो तुमची मुलगी."

कोमल तिथेच उभी होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला तेव्हा उद्धट वाटली होती.

जानेवारी उजाडला. तो लिहिणारा हात काही सापडेना, आणि मला आता झोपेतसुद्धा तेच. शेवटी म्हटलं, याला डिवचू या. शनिवारी शाळा सुटताना मोठ्या अक्षरात लिहिलं, 'कुलकर्णी मॅडमचं कधीच चुकत नाही.' पोरं खूष झाली. "सोमवारी बघा मॅडम!" अस्लम म्हणाला. मलाही मजा वाटत होती. कुणीतरी माझी चुकलेली बेरीज काढेल, कुणी स्कूटी पेट्रोलशिवाय आणल्याचा दिवस सांगेल, असा माझा अंदाज.

सोमवारी वाक्याखाली त्याच बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'आठवी. दुसरी चाचणी. प्रश्न चार.'

वर्ग हसला नाही, कारण कुणाला काही कळलंच नाही. मलाही कळलं नाही. मधल्या सुटीत मी मामूंना माळ्यावरून आठवीच्या पेपरांचा गठ्ठा काढायला लावला. गुणांची बेरीज चुकली असेल, एखादं उत्तर तपासायचं राहिलं असेल, असं मनात धरून एकेक पेपर उलटायला लागले. प्रश्न चार असा होता, 'एका वाड्यात शेळ्या व कोंबड्या मिळून चाळीस डोकी आणि एकशे अठरा पाय आहेत. तर शेळ्या किती व कोंबड्या किती?'

अठ्ठाविसावा पेपर कोमलचा निघाला. प्रश्न चारखाली एकच ओळ, '१९ शेळ्या, २१ कोंबड्या.' उत्तर बरोबर. आणि शेजारी माझ्या लाल पेनाने लिहिलेलं, 'पायऱ्या कुठे? नक्कल. ०.'

बाहेरच्या माणसाला सांगायला हवं की आमच्याकडे उत्तराइतकंच मोल पायऱ्यांना असतं. 'समजा क्ष' इथपासून उत्तरापर्यंत कसे पोचलात ते लिहायचं. प्रत्येक पायरीचे गुण ठरलेले. पायऱ्यांशिवाय उत्तर आलं की शिक्षकाला पहिला वास नक्कलेचा येतो. कोमल तेव्हा ईश्वरीशेजारी बसायची आणि ईश्वरीच्या पेपरात सगळ्या पायऱ्या होत्या. मला एवढं पुरलं होतं. मी तिला वर्गासमोर उभं केलं होतं आणि म्हणाले होते, "दुसऱ्याचं बघून लिहिण्यापेक्षा कोरा पेपर दिलेला परवडला." आता सगळं आठवलं. ती कोरा पेपर देत होती, कारण मी तसं सांगितलं होतं.

तरीही मन कसं असतं बघा, मी ईश्वरीचा पेपर शोधला. निदान मला तसं वाटण्याला कारण तरी होतं, हे स्वतःला दाखवायला. ईश्वरीने कोंबड्या क्ष मानल्या होत्या, पायऱ्या सुबक होत्या, क्षची किंमत एकवीस आली होती, आणि शेवटच्या ओळीत गडबडून तिने लिहिलं होतं, 'शेळ्या २१, कोंबड्या १९.' उलटं. त्याबद्दल अर्धा गुण मीच कापला होता. माझ्याच लाल पेनाने.

म्हणजे कोमलने ईश्वरीचं बघून लिहिलं असतं तर तिचंही उलटं आलं असतं. पुरावा माझ्या हातात होता, एकाच दिवशी, एकाच गठ्ठ्यात. आयुष्यभर पोरांना 'सिद्ध करा' म्हणत आले आणि स्वतः काहीही सिद्ध न करता एका पोरीला चोर ठरवून मोकळी झाले. ईश्वरीच्या जागी कोमल आणि कोमलच्या जागी ईश्वरी असती, तर मी नक्कलेचा शेरा मारला असता का? नसता मारला. माझे आजोबा पोथी सांगायचे, वडील कचेरीत कारकून. गणित कुणाच्या घरात असतं आणि कुणाच्या नसतं, हे मी न शिकताच शिकले होते. याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहालाच शाळेत पोचले. फाटकाशी मामू म्हणाले, "आप देर से आते, इसलिए दिखता नहीं आपकु." कोमलचा भाऊ मोटारसायकलवर दुधाचे कॅन घेऊन शहरात जातो आणि जाताजाता तिला सोडतो. म्हणून ती शाळा भरण्याच्या तासभर आधी येऊन बसलेली असायची. इतके दिवस माझ्याआधी उत्तर शाळेत येत होतं.

ती पहिल्या बाकावर स्वेटरमध्ये हात घालून बसली होती. मला बघून उभी राहिली. मी पेपर तिच्यापुढे ठेवला.

"हे तू कसं काढलंस?"

तिने प्रश्न चारवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "बोरीला लावल्या."

"कुणाला?"

"शेळ्यांला. बोरीचा पाला खायाला शेळी पुढचे दोन पाय वर घेती. झाडाला लावती. मग भुईला पाय दोनच ऱ्हातेत, कोंबडीवानी. चाळीस डोकी, म्हंजे भुईला ऐंशी पाय. एकशे अठरातले अडतीस वर गेले. एकेकीचे दोन. एकोणीस शेळ्या."

मी मनात पुन्हा करून पाहिलं. त्यात एकही पायरी सुटलेली नव्हती. कुठे 'क्ष'सुद्धा लागला नव्हता.

"आणि ते ठिपके? चौकोनातले?"

"मेंढरं. लांबट वाघूर ठोकली तर जाळं जास्त लागतं अन् मेंढरं कमी मावतेत. आमच्या अण्णालाबी ठाव हाय." वाघूर म्हणजे मेंढरं रात्री कोंडायची जाळी, आणि अण्णा म्हणजे तिचे वडील.

मी म्हणाले, "कोमल, माझं चुकलं."

ती खाली बघत म्हणाली, "मग तिथं लिवा ना, मॅडम."

मी लाल पेन काढला, 'नक्कल' खोडलं, शून्य खोडलं, चार पैकी चार लिहिले आणि सही केली. तिने सही वाचली. मग म्हणाली, "तवा तुमी वर्गात बोलल्या हुत्या."

तिचा हिशेब चोख होता. जे सगळ्यांसमोर झालं ते एकांतात मिटत नाही. सात वीसची घंटा झाली, हजेरी घेतली, आणि मी फळ्याजवळ उभी राहिले. दोन्ही पेपर वर धरले आणि काय घडलं होतं ते सगळं सांगितलं, ईश्वरीची उलटी ओळ आणि माझा कापलेला अर्धा गुणसुद्धा.   ईश्वरी आपण होऊन उठली आणि कोमलशेजारी जाऊन बसली. तिला शेळ्यांची युक्ती पुन्हा ऐकायची होती.

याने सगळं मार्गी लागलं असं नाही. मी तिला विचारलं, "वार्षिक परीक्षेत लिहिशील ना?" ती म्हणाली, "बघू." सराव चाचणीत तिने पुन्हा कोराच पेपर दिला. मी रागावले नाही, पण रोज तारीख मोजत होते. फळ्यावर ती आता उघडपणे लिहायची, खाली 'को' असं एक अक्षर टाकून. कागदावर मात्र नाही. फळा पुसला जातो. कागद राहतो, आणि त्यावर कुणी काय शेरा मारील याचा भरवसा तिला का वाटावा? परीक्षेच्या आदल्या दिवशी तिचे वडील फाटकाशी भेटले. "काय मॅडम, निघती का पोरगी?" मी म्हणाले, "तिच्या हातात आहे." त्यांना वाटलं मी नेहमीसारखं मोघम बोलतेय.

वार्षिक परीक्षेचा पेपर मीच काढला होता. त्यात शेळ्या-कोंबड्या मुद्दाम घातल्या नाहीत, तिला भीक घातल्यासारखं वाटलं असतं. गणित घातलं ते असं, 'एका वाहनतळावर दुचाकी व रिक्षा मिळून पन्नास वाहने आहेत. चाके एकशे सत्तावीस. तर प्रत्येकी किती?' वर पेपरावर ठळक सूचना होतीच, 'पायऱ्या लिहिणे आवश्यक.'

गठ्ठा घरी आणला आणि वरूनच सुरुवात केली. मध्येच तिचा पेपर ओढून काढण्याचा मोह दोनदा आवरला. तो आला तेव्हा आधी जाडी पाहिली. पुरवणी जोडलेली होती. पानं भरलेली होती, खाडाखोड भरपूर, भूमितीच्या एका सिद्धतेत गोंधळ, बीजगणित स्वच्छ. ती पास होत होती, आणि काठावर नव्हे.

मग वाहनतळाचं गणित आलं. तिथे तिने पायऱ्या लिहिल्या होत्या, एकाखाली एक, अंक घालून, अगदी मी शिकवते तशा. पहिली पायरी अशी होती, 'समजा, सगळ्या रिक्षा बोरीला लागल्या आणि त्यांनी पुढचं चाक वर घेतलं.'

मी लाल पेन उचलला आणि पहिल्या पायरीचा पूर्ण गुण दिला.